विरारचा छोकरा आणि आमचं थर्ड क्लास

एखाद्या हिरोचा भाव उतरलाय का नाही हे बघायचं असलं तर पेपर वाचत बसायची गरज नाही, सरळ सलूनमधे जावं. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या सेलूत स्टँडच्या बाजूला एक सलून होतं (आहे अजून, फक्त आता एसी बसलाय आणि बोर्डावर जेन्ट्स पार्लर लिहिलंय), तिथं आरशाच्या वर पार छतापर्यंत हिरो लोकांचे फोटो चिकटवलेले असायचे. एका बाजूला मिथुन, एका बाजूला कुमार गौरव, ज्याला आम्ही पोरं ओळखत पण नव्हतो, आणि मधोमध, जिथं दुसरे लोक देवाचा फोटो लावतात तिथं गोविंदा. लाल शर्ट, पिवळी पॅन्ट, एक भुवई वर. सलूनवाले मामा दाढी करता करता त्याच्याकडं बघून गाणं म्हणायचे आणि गिऱ्हाईक गालावर वस्तरा असल्यामुळं हू का चू करायचं नाही.

पुढं कधीतरी मामांनी भिंतीला रंग दिला, त्यात सगळे फोटो निघाले. मग नवीन लागले, शाहरुख लागला, २००३ ला 'तेरे नाम' आला आणि सगळ्या गावानं मधे भांग पाडून केस वाढवले, त्यात मामांचाच धंदा बसला कारण कटिंगला कुणी येईना, पण तरी सलमान भिंतीवर चढला. गोविंदा मात्र परत लागला नाही. त्याला कुणी मुद्दाम काढलं असं नाही, फक्त परत लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. नटाचा काळ सरतो तो बहुतेक असाच सरत असावा.

आता गोविंदाचं काय झालं म्हणून विचारलं की आमच्याकडं तीन ठरलेली उत्तरं मिळतात. सेटवर टायमावर जायचा नाही, राजकारणात गेला, आणि नशीब फिरलं बघा. तिन्हीत थोडं थोडं तथ्य असेल, उशिरा यायचे किस्से तर त्याच्या डान्सइतकेच फेमस आहेत, पण उशिरा येणारा माणूस हिट होता तेव्हा पण उशिराच यायचा की, तेव्हा कुणाचं काही अडत नव्हतं. मला वाटतं गोष्ट वेगळी आहे. गोविंदा ज्यांच्या जिवावर हिरो होता ती माणसं थेटरात जायची बंद झाली, म्हणजे त्यांनी बंद केलं नाही, त्यांच्यासाठीचं थेटरच बंद झालं.

मागचं थोडं सांगायला पाहिजे. गोविंदाचे वडील अरुणकुमार आहुजा, हे पण हिरो होते. मेहबूब खानच्या १९४० च्या 'औरत'मधे त्यांनी काम केलेलं, तोच 'औरत' ज्याचा मेहबूबनीच पुढं 'मदर इंडिया' केला. आई निर्मलादेवी, ठुमरी गाणारी मोठी गायिका. वडलांनी स्वतः एक पिक्चर काढला, तो पडला, पैसा गेला आणि बांद्र्याचा बंगला सोडून कुटुंब थेट विरारला आलं. म्हणजे सरलेलं करिअर ही वस्तू ह्या पोरानं घरातच पाहिलेली होती, जेवायच्या ताटावर रोज समोर बसलेली. मला हे कळलं तेव्हा त्याच्या त्या सगळ्या धांदलीचा, मिळेल तो पिक्चर साईन करण्याचा, एका दिवसात दोन-तीन सेटवर पळण्याचा जरा अर्थ लागला. ज्याच्या घरातला बंगला एका पिक्चरमधे गेलाय तो माणूस नाही कशाला म्हणंल?

१९८६ मधे 'इल्जाम' आला आणि विरारचा छोकरा निघाला सुसाट. आमच्याकडं तो पोचला तो थेटरपेक्षा जास्त व्हिडिओवर. लग्नात, बारशाला, गणपतीत, कशालाही व्हीसीआर भाड्यानं आणायचा, रात्रभरात तीन पिक्चर बघायचे, लाईट गेली की सगळ्यांनी एमएसईबीच्या नावानं ओरडायचं आणि लाईट आली की परत जिथं राहिलं तिथून. तीनपैकी एक पिक्चर देवाधर्माचा म्हाताऱ्या माणसांसाठी, एक मारामारीचा, आणि एक गोविंदाचा. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत तंबूतले टॉकीज लागायचे, तिथं पण बाहेर घोडे-गाढवांचा बाजार, बाजूच्या तंबूत तमाशा आणि भोंग्यावर गोविंदाचं गाणं, तीनही आवाज एकात एक.

थेटरातलं थर्ड क्लास म्हणजे पडद्याच्या अगदी पुढ्यात, लाकडी बाकडी, मान वर करून बघायचं, पिक्चर सुटल्यावर तासभर मान तशीच. तिथं हमाल बसायचे, जिनिंगवर काम करणारे, हॉटेलातली पोरं, कापूस विकून आलेला शेतकरी ज्याच्या खिशात त्या एका दिवशी पैसे असायचे. गोविंदाचा पिक्चर ह्यांच्यासाठी बनायचा आणि त्यात हिरो पण हाच माणूस असायचा, कुली, ड्रायव्हर, घरगडी, गावाकडून आलेलं भोळं पोरगं, जे मालकाला, सासऱ्याला, इन्स्पेक्टरला शेवटपर्यंत येडं बनवतं. समोर कादर खान असला की झालंच. त्यांची ती यमक जुळवत चाललेली हिंदी आम्हाला बरोबर लागू पडायची, कारण निजामाच्या काळापासून आमच्याकडची हिंदी ही दखनी वळणाची, 'नक्को' आणि 'कायकू'वाली, बोलण्यात टोमणा आधी आणि अर्थ मागून. पुण्याच्या माणसाला जे थिल्लर वाटायचं ते आमच्याकडं चौकातलं नॉर्मल बोलणं होतं.

आणि हे फक्त आमचं खूळ होतं असं पण समजू नका. १९९९ ला बीबीसीनं इंटरनेटवर पोल घेतला, रंगभूमी आणि पडद्यावरचा सगळ्यात मोठा स्टार कोण म्हणून. पहिला आला अमिताभ, दुसरा लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि दहावा आमचा गोविंदा. समीक्षक लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू द्या.

पण गंमत बघा, त्याच्या आदल्याच वर्षी ते सगळं फिरायला लागलं होतं. १६ ऑक्टोबर १९९८, दिवाळीच्या तोंडावरचा शुक्रवार. त्या एकाच दिवशी दोन पिक्चर रिलीज झाले, 'बडे मियाँ छोटे मियाँ' आणि 'कुछ कुछ होता है'. एकात अमिताभ आणि गोविंदा, दोघांचे डबल रोल, चोर आणि पोलीस, नुसता धुडगूस. दुसऱ्यात परदेशी दिसणारं कॉलेज, गळ्यात इंग्रजी अक्षरांची साखळी घातलेला शाहरुख, बास्केटबॉल. आमच्याकडं प्रिंट उशिरा यायच्या त्यामुळं दोन्ही पिक्चर दिवाळी होऊन गेल्यावर पोचले, आणि दोन्हीला गर्दी झाली. पण 'कुछ कुछ'ला जी गर्दी होती त्यात मास्तरांच्या मुली होत्या, डॉक्टरांच्या मिसेस होत्या, जे लोक एरवी थेटरात ढेकणं असतात म्हणून यायचेच नाहीत ते रुमाल टाकून बाल्कनीत बसलेले. आम्हाला तेव्हा काही कळलं नाही, आम्ही दोन्ही बघितले आणि दोन्हीची गाणी पाठ केली. मुंबईत मात्र ज्याला कळायचं त्याला कळलं असणार की पैसा आता बाल्कनीत आहे.

त्याच्या आधीच, १९९७ ला दिल्लीत पहिलं मल्टिप्लेक्स निघालेलं. आमच्या मराठवाड्यापर्यंत ती हवा यायला वेळ लागला, औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, प्रोझोन मॉल झाला २०१० मधे. तोपर्यंत टीव्ही, सीडी, केबल ह्या सगळ्यांनी मिळून तालुक्याच्या गावातली थेटरं खाल्ली होती. कुठं मंगल कार्यालय झालं, कुठं गोडाऊन, कुठं नुसतंच गेटला कुलूप आणि आत बाभळी. मल्टिप्लेक्समधे थर्ड क्लास नसतंच. तिथं पुढच्या रांगेचं तिकीट आणि एक पॉपकॉर्न एवढ्यात हमालाची एका दिवसाची मजुरी जाते, आणि शिट्टी मारली तर शेजारचा माणूस असं बघतो जसं काय आपण त्याच्या घरात चपला घालून शिरलोय. तिथं गोविंदानं करावं तरी काय?

अर्थात त्याची स्वतःची चूक नाही असं पण नाही, आणि इथं मला अमिताभची आठवण येते. त्या १९९८ च्या पिक्चरमधे खरी चलती गोविंदाची होती, अमिताभ तेव्हा कर्जात बुडालेला. दोन वर्षांनी, २००० मधे, अमिताभ टीव्हीवर केबीसी घेऊन आला आणि त्याच वर्षी 'मोहब्बतें'मधे पांढऱ्या दाढीचा हेडमास्तर झाला. म्हातारपण मान्य करून टाकलं, विषय संपला. मग २००१ ला गोविंदानं पण टीव्हीवर 'जीतो छप्पर फाड के' केला, आमच्या घरी तो लागायचा, पण केबीसी लागलं की गल्ली सामसूम व्हायची तसं काही झालं नाही. केबीसीत समोरच्याला घाम फुटायचा. गोविंदासमोर बसलेला माणूस नुसता खुश असायचा, आणि खुश माणसाला किती वेळ बघणार? आणि पिक्चरमधे तो कॉलेजातलं पोरगं व्हायचं सोडेना. पोट सुटलं, चेहरा भरला, तरी हिरोईनच्या मागं बागेत पळणं चालूच.

२००४ ला काँग्रेसकडून लोकसभेला उभा राहिला आणि पाच वेळा निवडून आलेल्या राम नाईकांना, ते पण पेट्रोलियम मंत्री असताना, पाडलं. २००९ ला उभाच राहिला नाही. मधे २००७ ला 'पार्टनर' आला, सलमान सोबत, आणि त्यात लोकांनी हिरो सोडून ह्यालाच बघितलं, तेव्हा सलूनवाले मामा मला म्हणले होते, "बग, आलं का नाही आमचं पोरगं? मी म्हणायलो का नाही?" मामांनी फोटो परत लावला नाही ते नाहीच, पण आनंद खरा होता.

मग सगळ्यात वाईट वाटावं असं म्हणजे २०१९ चा 'रंगीला राजा'. प्रोड्युसर कोण, तर पहलाज निहलानी, ज्यांनी 'इल्जाम' काढून ह्याला आणलं तेच. निहलानी स्वतः सेन्सॉर बोर्डाचे माजी अध्यक्ष, दुसऱ्यांच्या पिक्चरला कात्री लावण्यात प्रसिद्ध, आणि ह्यांच्याच पिक्चरला बोर्डानं कट सांगितले म्हणून ते हायकोर्टात गेले! ही स्टोरी पिक्चरपेक्षा भारी होती. गोविंदा त्यात डबल रोलमधे, पंचावन्न वय, आणि कपडे तेच १९९४ चे. मी तो मोबाईलवर बघायला घेतला. पुढं ढकलत ढकलत गाण्यापर्यंत आलो, गाण्यात चार सेकंद, खरंच चारच, खांद्याची एक हालचाल अशी आली की जुना माणूस आत आहे अजून हे कळलं, आणि मग बंद केला.

ऑक्टोबर २०२४ मधे स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी सुटून पायाला लागली तेव्हा टपरीवर पहिला प्रश्न निघाला तो "कुठला पाय म्हणं?" हा. माणूस कसा आहे, वाचला का, हे नंतर. कारण एक्सपर्ट लोकांच्या मते त्याच्या डान्सचा सगळा भार एकाच पायावर असतो, आणि तो डावा का उजवा ह्यावर चहाचे दोन राउंड झाले, एकजण टपरीसमोर रस्त्यावर करून दाखवायला उतरला तर मागून ट्रॅक्टर आला. पुढच्याच महिन्यात विधानसभेचा प्रचार करताना जळगाव जिल्ह्यात त्याची तब्येत बिघडली आणि रोड शो अर्धवट सोडून मुंबईला जावं लागलं. म्हणजे शेवटी आमच्यासारख्या गावांत तो आला तो असा, उघड्या जीपवर उभा राहून, हात हलवत, दुसऱ्या कुणाला तरी निवडून द्या म्हणून.

पण एक गोष्ट त्याच्याकडून कुणाला काढून घेता येत नाही, ती म्हणजे वरात. मागच्या लगीनसराईत गंगाखेडला आमचे धाकटे काका नाचले, झेडपीत क्लार्क, रिटायरमेंटला आलेले, शुगर, ढेरी, सगळं आहे. गाणं लागलं तसं त्यांनी मोबाईल काकूकडं दिला, चष्मा खिशात ठेवला आणि सुरू झाले. आता नीट बघितलं तर पाय जागचे हलतच नव्हते, एका फरशीच्या बाहेर गेले नाहीत, सगळं काम खांद्याचं, मनगटाचं आणि भुवयांचं, मधेच खालचा ओठ दाताखाली, मधेच मान एकदम थांबते आणि डोळेच फक्त तालावर जातात, ढेरी आडवी येत नाही उलट ती पण तालात. हृतिकचा डान्स करायचा तर आधी जिम लावावी लागते. गोविंदाचा डान्स पोट असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला जसाच्या तसा जमतो. २०१८ ला मध्य प्रदेशातले एक प्राध्यापक लग्नाच्या स्टेजवर त्याच्याच १९८७ च्या गाण्यावर असे नाचले की अख्ख्या देशानं तो व्हिडिओ बघितला, तेव्हा टीव्हीवाल्यांना नवल वाटलं. आम्हाला काय नवल, आमच्याकडं प्रत्येक खानदानात असा एक माणूस असतोच.

काकांना नंतर जेवताना विचारलं, शेवटचा पिक्चर कुठला बघितला त्याचा? आठवेना त्यांना. काकू म्हणल्या, "अहो पार्टनर नव्हता का बघितला परभणीला." काका म्हणले, "तो सलमानचा होता." आणि जिलेबीवाल्याला हाक मारली, शुगर असून.