न्यू जर्सीचा एक फोन, धडगावची एक चिठ्ठी

मुलगा शाळेत बाकं उलटवतो, रात्र रात्र झोपत नाही, आईच्या अंगावर धावून जातो. अशा वेळी कुठला डॉक्टर गाठायचा, कुठल्या खात्याचा फॉर्म भरायचा, हे न्यू जर्सीत आईबापाला शोधत बसावं लागत नाही. २१ वर्षांखालच्या मुलांसाठी अख्ख्या राज्याला एकच फोन नंबर आहे, चोवीस तास चालू. प्रकरण हाताबाहेर जात असेल तर तासाभरात प्रशिक्षित कार्यकर्ता घरी येतो. घराचं उत्पन्न किती, ही चौकशी आधी होत नाही. जिवावरच बेतलं असेल तर मात्र ९११.

पहिल्या ७२ तासांत घर शांत करायचं. कार्यकर्ता आईशी वेगळं बोलतो, मुलाशी वेगळं. भांडण कशावरून पेटतं, किती वाजता, त्या वेळी घरात कोण असतं, हे लिहून घेतो. औषधं आणि सुऱ्या कुलपात जातात. पुन्हा तसं झालं तर धाकट्या भावंडाला दुसऱ्या खोलीत कोणी न्यायचं, कोणी गप्प राहायचं, कोणाला फोन लावायचा, याचं टिपण घरच्यांच्याच शब्दांत तयार होतं. गरज असेल तर पुढे आठ आठवड्यांपर्यंत ही मदत चालू राहते.

त्याहून जास्त लागणार असेल तर कुटुंबाला एक समन्वयक मिळतो. या पद्धतीत एका समन्वयकाकडे साधारण १० कुटुंबं असावीत असं मानतात. तो शाळेशी बोलतो, समुपदेशकाची वेळ घेतो, बैठक बोलावतो. बैठकीला कोण येणार ते घरचे ठरवतात. मामा, शेजारीण, फुटबॉलचा कोच, कोणीही. शिवाय अशीच मुलं वाढवलेल्या पालकांची एक संस्था पाठीशी असते, आणि आमच्या मते सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत कामाचा भाग हाच.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा २००३ चा अहवाल सांगतो की २००१ मध्ये किमान १२,७०० मुलांना आईबापांनी केवळ मानसिक उपचार मिळावेत म्हणून बालकल्याण खात्याच्या किंवा बालगुन्हेगार यंत्रणेच्या हवाली केलं होतं. ही आकडेवारी मोजक्याच राज्यांची आणि काउंट्यांची. श्रीमंत देशातली गोष्ट आहे ही!

आजही सगळं सुरळीत आहे असं नाही. कार्यकर्त्यांचा पगार कमी, म्हणून माणसं टिकत नाहीत, आणि नवा आला की आईला सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. समुपदेशकांकडे प्रतीक्षायादी असते. रुग्णालयात खाट मिळत नाही म्हणून मुलं इमर्जन्सी विभागात दिवस दिवस पडून राहतात. मराठी घरांत आणखी एक चूक होते. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून थोरल्या मुलीलाच दुभाषी बनवतात. भावाबद्दलचं नको ते तिच्या कानावर पडतं, आणि अवघड वाक्यं ती गाळून टाकते. सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेत दुभाषी मोफत मागता येतो. मागावाच.

आता आपल्याकडचं. खान्देशात काहीच नाही, असं म्हणणं चूक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि त्याची सुरुवातच महाराष्ट्रात पालघरला झाली. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, असा नियम आहे. वाढीतला विलंब, बोलणं उशिरा येणं, ऑटिझम, शिकण्यातली अडचण, लक्ष न टिकणं हे सगळं त्यांच्या यादीत आहे. शंका आली की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे अशा मुलांची पुढची तपासणी आणि उपचार जिथे होतात त्या जागेची, चिठ्ठी मिळते.

गाडी अडते ती या चिठ्ठीनंतर. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं म्हणजे घाट उतरायचा, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि तिथे पावरी ही आदिवासी बोली समजणारं कोणी भेटेलच असं नाही. घरात सासू म्हणते, "ल्हान शे, व्हई जाई बरं." भगताकडे आधीच जाऊन झालेलं असतं. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलं की चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत राहते. म्हणून सातपुड्यातली तपासणीची फेरी दिवाळीआधी संपायला हवी. चिठ्ठीवर नुसतं केंद्राचं नाव पुरत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या खोलीत, कोणाला भेटायचं हे हवं, आणि आशाताईंनी आठ दिवसांनी विचारायचं, "गेलात का?" उत्तर "नाही" आलं तर अडलं कुठे हे वहीत लिहायचं. भाडं, भाषा, नवरा नको म्हणतो, काहीही. तीन महिन्यांच्या अशा नोंदी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या, तर तज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस ग्रामीण रुग्णालयात बसावं या मागणीला आधार मिळतो.

तपासणीचा कागदही नीट वापरावा लागतो. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांकडे १७ वाक्यांची एक यादी चालते. मूल उदास दिसतं का, फार काळजी करतं का, अंगात मोटार असल्यासारखं सारखं पळतं का, दुसऱ्याच्या वस्तू घेतं का. कधीच नाही ०, कधीकधी १, बऱ्याचदा २. बेरीज १५ किंवा जास्त आली तर पुढची तपासणी. इथेच लोक फसतात. मारामाऱ्या करणारा मुलगा १५ सहज गाठतो. गप्प, खचलेल्या मुलीची बेरीज आठ-नऊवर थांबते. पण उदासी आणि काळजीची पाच वाक्यं वेगळी मोजली, आणि त्यांतच ५ गुण भरले, तर तिलाही पुढे पाठवायचं असतं. आणि सगळीकडे शून्य आलं तर आई सासूसमोर बसून बोलत होती का, ते आधी बघा.

दोन ते सात वर्षांच्या हट्टी मुलांसाठी अमेरिकेत एक उपचार आहे. आई मुलाशी खेळते, एकाच बाजूने दिसणाऱ्या आरशामागून समुपदेशक तिच्या कानातल्या यंत्रात सूचना देतो. आरसा आपल्याकडे नसला तरी घरी करायचा भाग जमण्यासारखा आहे. रोज पाच मिनिटं, ठोकळे किंवा माती, मोबाईल बंद. मूल करेल ते शब्दांत सांगायचं, "लाल ठोकळा वर ठेवलास." ते बोललं की तेच परत म्हणायचं. कौतुक नेमकं करायचं, "हळू ठेवलास, छान." "हा रंग कोणता?" असे प्रश्न नाहीत, हुकूम नाहीत, टोमणे नाहीत. पालकांना पाच मिनिटांत वर्णन, पुनरुच्चार आणि नेमकं कौतुक प्रत्येकी दहादा जमावं, आणि प्रश्न, हुकूम, टीका मिळून तीनच्या वर जाऊ नये, अशी कसोटी लावतात. सगळ्यात अवघड जातं ते प्रश्न न विचारणं.

मोठ्यांनाच बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८. जिल्ह्याला जाताना लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या दोन वह्या, एक जुनी आणि एक चालू, आणि घरी मूल चिडलं असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलमध्ये घेऊन जा. डॉक्टरांपुढे ते नेमकं शहाण्यासारखं बसतं.