सकाळी सातची ट्रायल

गाडी बघायला गेले ती सकाळी सात वाजता. चूक तिथेच झाली, पण ती कळायला पाच आठवडे जावे लागले.

मी पक्की स्कूटरवाली. कोथरूडहून शाळा, शाळेतून मंडई, मंडईतून क्लास, सगळं दोन चाकांवर. लायसन्स काढायला गेले होते तेव्हा ‘आलीच आहेस तर दोन्हीचं काढून टाक’ म्हणून बाबांनी चारचाकीचंही काढायला लावलं, ते इतकी वर्षं पर्समध्ये शोभेला होतं. आता बाबा एक्याऐंशीचे. दोन्ही गुडघे बोलतात. रिक्षाची पायरी त्यांना सिंहगड चढल्यासारखी वाटते. म्हणून बावन्नाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग क्लासचे दहा धडे पुन्हा घेतले आणि जुनी गाडी शोधायला लागले. नवी घेऊन पहिला ओरखडा मीच पाडणार, त्यापेक्षा आधीच पडलेले ओरखडे बरे.

ओळखीतून गाडी सापडली. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, एकच मालक, ५४ हजार किलोमीटर, एमएच-१२. मालक निवृत्त काका, सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या तारखेनुसार लावलेल्या. सकाळी सात वाजता पौड रोड रिकामा होता. चांदणी चौकापर्यंत जाऊन आलो. गाडी लोण्यासारखी चालली. बॉनेट आधीच कोमट लागलं, तर काका म्हणाले, ‘आत्ताच दूध घेऊन आलो.’ मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जुनी गाडी बघायची तर इंजिन रात्रभर गार झालेलं असताना सेल्फ मारून बघायचा, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पैसे देण्याआधी भाच्याने गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून बघितला, म्हणून वाचले. कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव आरसीवर अजून तसंच होतं. काकांनी हप्ते २०२१ लाच फेडले होते आणि बँकेची एनओसीही, म्हणजे ना-हरकत पत्र, होती, प्लॅस्टिकच्या कव्हरात, इस्त्री केल्यासारखी. पण कर्ज फेडलं म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी फॉर्म ३५ वर बँकेची सही घेऊन तो आरटीओत द्यावा लागतो. तो दिलाच नव्हता, आणि एनओसीवर मुदत लिहिलेली होती तीन महिने. नव्या पत्रासाठी काका चार वेळा बँकेत गेले, दोन आठवडे गेले. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही हे मी ठरवून ठेवलं होतं. थोडं लाजिरवाणं वाटलं, पण ठेवलं.

गाडी नावावर करायचे पुढचे कागद म्हणजे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह. विकणाऱ्याने आरटीओला चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. काकांना माझ्यापेक्षा जास्त घाई होती, आणि ते बरोबरच होतं. गाडी त्यांच्या नावावर असेपर्यंत मी सिग्नल तोडला तरी चलन त्यांच्याच मोबाईलवर जाणार. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना लागणारी नवी नंबरप्लेट त्यांनी आधीच बसवून घेतली होती, पीयूसीही ताजं होतं. एक काम वाचलं.

एजंटने जो आकडा सांगितला तो ऐकून मी संगम पुलाजवळच्या आरटीओत स्वतःच गेले. माझ्याकडे चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा, पेन्सिल प्रिंट मागितला. चासी नंबर असतो कुठे? बॉनेट उघडतं कसं? गाडी घेऊन आठ दिवस झाले होते आणि मी बॉनेट एकदाही उघडलेलं नव्हतं. शेवटी सोसायटीजवळच्या गॅरेजवाल्या मामांकडे गेले. त्यांनी स्टिअरिंगखालचा खटका दाखवला, बॉनेटखाली हात घालून दुसरा खटका दाबायला लावला आणि आतल्या पत्र्यावर कोरलेले आकडे दाखवले. वर कागद ठेवून मी पेन्सिल घासली. एकेक अंक उमटत गेला तसं लहानपणी नाण्यावर कागद ठेवून काढायचो त्याची आठवण झाली. मामा मात्र रेडिएटरकडे बघत होते. म्हणाले, ‘ताई, एकदा गाडी आणा निवांत. बघायला पाहिजे.’ मी हो म्हटलं आणि विसरले.

विम्याचंही सांगते, कारण इथे माझा हिशोब चुकला. काकांच्या पॉलिसीवर पन्नास टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, होता आणि तो गाडीबरोबर येतो असं मी धरून चालले होते. तो येत नाही. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज केला आणि फरकाचे पैसे मुकाट्याने भरले. गणिताची शिक्षिका असून हे आधी बेरजेत धरलं नव्हतं.

मग आला जूनचा पहिला रविवार. पाऊस नव्हता, नुसती घामट हवा. बाबांना गावी न्यायचं म्हणून जुन्या कात्रज घाटाने निघालो. कात्रज चौकातच अर्धा तास गेला. घाटात पुढे ट्रक, मागे ट्रक, दुसरा गिअर, कधी पहिला. हाफ क्लचवर गाडी धरताना माझा पाय थरथरत होता, त्यामुळे काट्याकडे लक्ष कुठलं. बाबाच म्हणाले, ‘हा लाल दिवा कसला गं?’ तापमानाचा काटा वरच्या टोकाला टेकला होता. बोगद्याच्या अलीकडे जागा बघून थांबले. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती आणि गोडसर, जळका वास.

दोन पोरं पाण्याची बाटली घेऊन धावत आली. एकाने रेडिएटरच्या झाकणाला रुमाल लावलाही. तेवढ्यात मागच्या टेम्पोतून ड्रायव्हर ओरडला, ‘ए, हात लावू नको, तोंड भाजंल!’ तो माणूस देवासारखा आला. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं. टेम्पोवाल्याने पाऊण तास थांबायला सांगितलं. आम्ही थांबलो. बाबांनी डब्यातला शिरा काढला.

गार झाल्यावर पाणी भरलं, उतारावरून गाडी मागे फिरवली आणि दर थोड्या वेळाने थांबत गॅरेज गाठलं. एसी बंद, उलट हीटर चालू. हेही टेम्पोवाल्याचंच. हीटर इंजिनचीच गरमी आत ओढतो, तेवढा भार कमी होतो. जूनमध्ये हीटर लावून पुण्यात शिरणारे आम्हीच दोघं असू.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला स्टूल दिलं आणि समोर बसवलं. ‘सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून पंप मारला की नळी तापते ना? इंजिन म्हणजे तेच.’ हवा आणि पेट्रोल आत ओढायचं, दाबायचं, ठिणगी टाकायची, जळका वायू बाहेर ढकलायचा. या चार धक्क्यांत क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, दोनदा फिरतो. मी तिथेच गणित केलं. समजा, घाटात इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत होतं. एका सिलिंडरमध्ये मिनिटाला दीड हजार भडके, चार सिलिंडर म्हणजे सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर. आणि त्या उष्णतेतला जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा चाकांपर्यंत जातो. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. मामा म्हणाले, ‘गाडी पळवण्यापेक्षा ती गार ठेवणं मोठं काम आहे.’

मोकळ्या रस्त्यावर हे काम समोरून येणारा वारा करतो. घाटात आणि चौकात वेग नाही, वारा नाही, इंजिन मात्र घाम गाळत असतं. तिथे रेडिएटरमागचा फॅन लागतो, आणि आमच्या गाडीचा फॅन फिरतच नव्हता. मोटर जाम झालेली. सकाळी सात वाजता पौड रोडवर तो फिरायची वेळच आली नसती. काकाही बिचारे दूध आणि देऊळ यापलीकडे कधी गाडी नेत नव्हते, त्यांनाही ठाऊक नसावं. मामांनी रेडिएटर मोकळा केला तर खाली जुन्या चहासारखं तांबूस पाणी आलं. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवायचं खास द्रव, त्याऐवजी कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरत आलं होतं. आत गंज आणि क्षार. फॅनची मोटर, थर्मोस्टॅट, फ्लशिंग, कूलंट. इंजिनच्या दोन भागांमधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, वाचलं, ते गेलं असतं तर बिलाला आणखी एक शून्य लागलं असतं.

तेव्हापासून मी रविवारी सकाळी, गाडी गार असताना, बॉनेट उघडते. कूलंटच्या टाकीवरच्या दोन रेघा, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघणं, ब्रेक ऑइल. टायरच्या कडेला चार आकडे असतात हे मामांनीच दाखवलं. माझ्या टायरवर १८१६ होतं, म्हणजे २०१६ च्या अठराव्या आठवड्यातले. नक्षी शाबूत, पण कडेचं रबर टाचेसारखं भेगाळलेलं. चारही बदलले. स्टेपनीवरही १८१६ च आहे, ती पुढच्या पगाराला. हवा दर पंधरा दिवसांनी. पार्किंगबद्दल मी बोलणार नाही. सम-विषम तारखांच्या पाट्या बघून गाडी लावण्याचं कौशल्य क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आरसीचं स्मार्ट कार्ड टपालाने आलं तेव्हा बाबांनी चष्मा लावून माझं नाव दोनदा वाचलं आणि ते स्वतःच्या पाकिटात ठेवायला निघाले.

जुलैच्या शेवटी पुन्हा गावी गेलो, पुन्हा कात्रजच्या जुन्या घाटाने. नेमकी तीच गर्दी, पुढे पुन्हा ट्रक. माझा एक डोळा काट्यावर. काटा मधोमध आला आणि पुढून एकदम घर्रर्र आवाज सुरू झाला.

बाबा दचकले. ‘काय वाजतंय?’

‘फॅन, बाबा.’

ते थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले. ‘मग एसी लाव की.’