फुकट आहे, म्हणूनच अर्ध्यात सोडा

उन्हाळा जवळ आला की लंडनमध्ये राहणाऱ्या आम्हा लोकांच्या फोनवर याद्या येऊन पडायला लागतात. गेल्या वर्षी मावशी आणि काकांची आली. चार दिवस, अकरा म्युझियमं. मी कुरकुरले तर काकांचा बिनतोड सवाल, "सगळी फुकट आहेत ना गं? मग सोडायची कशाला?"

फुकटची गोष्ट खरी आहे. डिसेंबर २००१ पासून इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांत कायमची दालनं बघायला तिकीट लागत नाही, खास प्रदर्शनांना तेवढं असतं. पण तिकीट काढलं असेल तर ते वसूल होईपर्यंत पाय ओढत फिरणं मी समजू शकते. इथे वसूल करण्यासारखं काही नाहीच. एक दालन बघून तासाभरात बाहेर पडलात तरी खिशाला चाट नाही, वाटलं तर परवा पुन्हा जा. फुकट असण्याचा खरा फायदा हा, आणि आपली माणसं नेमका तोच घेत नाहीत. (मी तरी कुठे घेतला होता? पहिल्या वर्षी आईबाबांना सकाळी ब्रिटिश म्युझियम आणि दुपारी नॅचरल हिस्ट्री असं दामटलं होतं. त्या दिवसाच्या निम्म्या फोटोंत बाबा कुठल्या ना कुठल्या बाकावर बसलेले आहेत.)

म्हणून हल्ली यादी आली की मी एकच विचारते: तिथे नेमकं काय बघायचंय? उत्तर आलं नाही तर नावावर काट.

ब्रिटिश म्युझियमसमोर हमखास उत्तर येतं, "कोहिनूर." कोहिनूर तिथे नाही. तो टॉवर ऑफ लंडनमध्ये, क्वीन मदरच्या, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईच्या मुकुटात आहे, आणि तिथे तिकीट पडतं, तेही चांगलं घसघशीत. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या साधारण ८० हजार, म्हणजे शंभरात एक. तेव्हा 'सगळं बघितलं' हा प्रकार तिथे संभवत नाही. इजिप्तची चित्रलिपी जिच्यामुळे वाचता आली त्या रोझेटा शिळेभोवती कायम गर्दी असते. डोकं खुपसून एकदा बघून घ्या आणि सरळ ३३अ क्रमांकाच्या दालनात जा. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथे आहेत. शांतपणे उभं राहून बघता येतात, आणि बघताना पोटात थोडं कालवतंही. आणखी एक: परतीच्या दिवशी विमानाच्या वेळेपर्यंत चाकाची बॅग घेऊन तिथे वेळ काढायचा बेत असेल तर तो सोडा. तसलं सामान आत नेता येत नाही.

दुसरा हमखास प्रश्न वाघनखांचा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या 'व्ही अँड ए'च्या संग्रहातली ही वाघनखं. साताऱ्याचा रेसिडेंट (म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी) जेम्स ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच, याच्याकडून ती इकडे आली. जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात गेली, त्यामुळे त्यांच्यासाठी लंडनला येणार असाल तर आधी चौकशी करा. अफझलखानाच्या वधाच्या वेळी महाराजांच्या हातात हीच होती हे सिद्ध करता येत नाही, असं म्युझियम स्वतःच सांगतं. काकांना हे ऐकवल्यावर ते दहा मिनिटं माझ्याशी बोलले नाहीत.

तरी व्ही अँड ए मी यादीत ठेवलंच, मावशीसाठी. तिचा हात कायम सुई-दोऱ्यात. तिथल्या ४१ नंबरच्या दालनात टिपूचा वाघ होता: गोऱ्या शिपायाच्या नरडीवर बसलेला लाकडी वाघ, ज्याच्या पोटात चक्क वाजणारा ऑर्गन आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती लूट इकडे आली. त्याला लागून असलेल्या ४२ मध्ये अर्दबीलचा गालिचा, इराणमध्ये १५३९-४० साली विणून झालेला, साडेदहा मीटर लांब. रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटं त्याच्यावर दिवे लावतात. आम्ही पोचलो तेव्हा अंधार होता. मी म्हटलं, तोवर पुढचं बघून येऊ. मावशी जागची हलली नाही. दिवे लागल्यावर ती काचेला नाक लावून एका कोपऱ्यातलीच नक्षी बघत राहिली, दिवे गेल्यावर पुढच्या खेपेसाठी पुन्हा थांबली. त्या दिवशी तिने फक्त दोन दालनं बघितली. शुक्रवार होता म्हणून बरं. शुक्रवारी व्ही अँड ए रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दीही ओसरते. ब्रिटिश म्युझियमही शुक्रवारी साडेआठपर्यंत चालू असतं.

टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या म्युझियमवर मी काट मारली, कारण दोघांपैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. नॅचरल हिस्ट्रीत मुलं बरोबर असतील तर जाच. छताला टांगलेला २५ मीटरचा निळ्या देवमाशाचा सांगाडा बघून मोठ्यांचाही आ वासतो. शाळांच्या सुट्टीत मात्र बाहेरची रांग बघूनच वासतो.

यादीत नसलेलं एकच नाव मी घातलं: सर जॉन सोन यांचं घर. हे वास्तुविशारद १८३७ मध्ये वारले. घर होतं तसंच ठेवायचं, यासाठी त्यांनी हयातीतच पार्लमेंटकडून कायदा करून घेतला होता. अरुंद खोल्या मूर्ती आणि भग्न दगडांनी खचाखच भरलेल्या, तळघरात इजिप्तच्या सेती राजाची शवपेटी, आणि चित्रांच्या खोलीत भिंतीच कपाटाच्या दारांसारख्या उघडतात, आत आणखी चित्रं. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. सोमवार-मंगळवार बंद.

शेवटचा दिवस काकांचा. सायन्स म्युझियमच्या तळमजल्यावर अपोलो १० चं यान ठेवलंय. मे १९६९ मध्ये तिघांना चंद्राभोवती फिरवून ताशी ३९ हजार किलोमीटरहून जास्त वेगाने परत आलेलं हेच ते. खालची बाजू जळून खरपूस झालेली. काका त्याच्याभोवती चार वेळा फिरले, खाली वाकले, तिघं आत बसत कसे असतील याचा हाताने अंदाज घेतला. अर्ध्या तासाने मी म्हटलं, वर अजून मजले आहेत.

"राहू दे," काका म्हणाले, "चहा कुठे मिळतो?"