टपालाची वर्गणी

सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला की माझं मन तिथून उठून चालायला लागतं. परवा रविवारी दुपारीही तेच. तळमजल्यावरचे काका हटून बसले होते, "मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, दुरुस्तीचे पैसे मी का भरायचे?" चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं, सगळ्यांनी सारखेच भरा. तिसरा मजला नेहमीसारखा तटस्थ, म्हणजे चहा येईपर्यंत. मी तोवर १८६७ सालच्या मेलबर्नला पोचलो होतो.

तिथे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडातल्या ब्रिटिश वसाहतींची हीच सभा भरली होती, फक्त लिफ्टच्या जागी टपालाची आगबोट. लंडनची टपाल सुएझमार्गे सिलोनच्या गॉलला यायची, तिथून दुसरी बोट ती ऑस्ट्रेलियाला न्यायची. नुसत्या तिकिटांच्या पैशावर असली बोट चालत नाही. वाटेवर कोळशाचे साठे ठेवायचे, बंद पडली तर दुसरी बोट तयार ठेवायची. म्हणून कंपनीला दरसाल ठरावीक रक्कम द्यायची. दहा वर्षांपूर्वी एका कंपनीने १,८५,००० पौंड वार्षिक घेऊन हे काम पत्करलं होतं आणि वर्षा-दीड वर्षात ती बुडाली होती. तेव्हा पैसे लागणार, हे सगळ्यांना मान्य. पण कुणाचे?

मेलबर्नच्या व्हिक्टोरिया वसाहतीला गॉलचा रस्ता पसंत, कारण बोट मेलबर्नला आधी लागते. तेवढ्याचसाठी तो सिडनीच्या डोळ्यात खुपायचा. त्यांना पनामाकडून येणारी बोट हवी. ईशान्येच्या क्वीन्सलंडला ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेसच्या सामुद्रधुनीतून उतरणारी हवी. अ‍ॅडलेडकरांचं दुःख आणखी वेगळं. त्यांची पत्रं त्यांच्याच किनाऱ्यासमोरून पुढे मेलबर्नला जायची आणि तिथून माघारी यायची. शेवटी त्यांनी स्वतःची छोटी बोट थेट पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंग जॉर्ज साउंड बंदरापर्यंत पाठवून टपाल आणायला सुरुवात केली. असा हेका मला फार आवडतो.

बरं, सभेने ठरवलं काय? तिन्ही मार्ग चालू करावेत आणि निम्मा खर्च लंडनने सोसावा! आमच्या सेक्रेटरींनी हे ऐकलं असतं तर ऊर भरून आला असता त्यांचा.

मला हे जुने सरकारी पत्रव्यवहार वाचायची खोड आहे. घरात त्याला "बाबांचे कागद" म्हणतात आणि त्या स्वरात कौतुक नसतं. पण काय सुरेख भांडतात ही माणसं! पानभर समोरच्या सरकारची लाज काढायची आणि खाली सही करायची, "आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक." न्यूझीलंडचे मंत्री ज्युलियस व्होगेल माझे विशेष लाडके. पनामाची कंपनी १८६९ मध्ये मोडली, तर या गृहस्थांनी सॅन फ्रान्सिस्कोकडे मोहरा वळवला. पुढे न्यूझीलंड आणि न्यू साउथ वेल्स, म्हणजे सिडनीची वसाहत, यांनी मिळून वर्षाला सुमारे ९० हजार पौंडांवर अमेरिकन कंपनीशी करार केला. मग बोट फिजीजवळच्या कांडावू बेटापाशी यायची आणि तिथे टपालाच्या वाटण्या. एक वाटा सिडनीला, एक न्यूझीलंडला. न्यूझीलंडात तरी शांतता? छे. ऑकलंडला बोट आपल्याकडेच थांबायला हवी आणि दक्षिणेच्या डनेडिनला ती खालपर्यंत यायला हवी. क्वीन्सलंडने १८८० मध्ये ५५ हजार पौंडांचा स्वतंत्र करार पुढे आणला, तेव्हा विरोधकांनी विधिमंडळात बोलून बोलूनच तो लांबवत नेला.

आपली मुंबई यात मागे नव्हती. मुंबईतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० ला सुएझला निघाली, तेव्हा कोळसा इतका भरला होता की केबिनींतही तोच. महिन्याभरात ती पोचली. मुंबई सरकार हरखलं आणि ईस्ट इंडिया कंपनीचे लंडनचे डायरेक्टर कोळशाचं बिल बघून कळवळले.

कोळसा म्हटलं की मला आजोळ आठवतं. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत एक म्हातारे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. आयुष्य गोऱ्यांच्या मोठ्या बोटींवर गेलेलं. संध्याकाळी ओट्यावर बसून बंदरांची नावं अशी घ्यायचे, जशी आमची आजी नातेवाइकांची घेई: एडन, कोलंबो, फ्रीमँटल. आम्हा पोरांना त्यांच्याकडचा बिस्किटांचा विलायती डबा तेवढा महत्त्वाचा. त्यात बिस्किटं कधीच नसत, सुया आणि दोरे असत, तरी आम्ही आशेने उघडायचो. डेकवर आमच्या रत्नागिरीकडचे, जेवणघरात गोव्याचे, अशी पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर कामाची विभागणीच असे. हजारो घरांच्या चुली त्या पगारावर पेटल्या.

हे सगळं मी गमतीने वाचत आलो होतो, १९०१ पर्यंत. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या या भांडकुदळ वसाहतींचा एक देश झाला आणि त्याच्या संसदेने टपालाचा नवा कायदा केला. त्याच्या सोळाव्या कलमात लिहिलं की टपाल नेण्याचा करार फक्त अशाच बोटींशी करायचा, ज्यांवर सगळे कामगार गोरे असतील. ज्यांचं पौंडाच्या वाटणीवर पन्नास वर्षं जमलं नाही, त्यांचं यावर जमलं. लंडनहून हरकत आली, कारण आमची माणसंही त्याच राजाची प्रजा होती. कलम राहिलं. ओरिएंट कंपनीने आपल्या बोटींवर गोरे खलाशी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा करार मिळवला. पी अँड ओ ने आपली माणसं काढली नाहीत, कारण तिचा करार लंडनच्या पोस्टाशी होता. लंडनमध्ये पेटीत टाकलेली पत्रं त्यामुळे पुढेही आमच्याच माणसांच्या हातांनी चालणाऱ्या बोटींतून सिडनी-मेलबर्नला जात राहिली, आणि ती कुणी परत पाठवल्याचं मला तरी कुठल्या कागदात सापडलेलं नाही.