कारण: कासवं

बीएस्सी झाल्यावर लगेच एमएस्सीला न जाता थांबले तर बिल्डिंगमधल्या काकूंचा पहिला प्रश्न, "विषय राहिलेत का गं?" आपल्याकडे गॅप पडतो, घेत कोणी नाही. मी घेतलेला, आणि त्यातले सहा आठवडे कोस्टा रिकाला, कॅरिबियन किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोत कासवांच्या कामाला गेलेले.

गावात गाडीरस्ता जात नाही, शेवटी होडीच. मला वाटलेलं पिल्लं समुद्रात सोडायची असतील, आपल्या कोकणात वेळासला टोपली उचलली की तुरुतुरु निघतात तशी. पण वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कोल्ह्याकुत्र्यांपासून आणि माणसांपासून वाचवायला हॅचरीत हलवतात, इथे हिरव्या कासवांची घरटी शक्यतो आहेत तिथेच ठेवतात, आपण फक्त चालायचं, मोजायचं आणि लिहायचं.

रात्री आठ ते बारा किंवा बारा ते चार अशी पाळी. काळे कपडे, मोबाईल खोलीवर, टॉर्च लाल, तोही गरज असेल तेव्हाच, कारण वर येणाऱ्या मादीला उजेड दिसला की ती अंडी न घालताच मागे फिरू शकते. वाळूसुद्धा काळी, वाहून आलेले ओंडके दिसतच नाहीत, माझ्या नडग्यांची जी वाट लागली ती आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलीच नाही.

एकदा का ती अंडी घालायला लागली की मग तिला आजूबाजूचं फारसं भान नसतं. तेव्हा मी पोटावर आडवी, ग्लोव्ह घातलेला हात खड्ड्यात, दुसऱ्या हातात क्लिकर, पडणाऱ्या प्रत्येक अंड्याला एक टिक. पहिल्याच घरट्यात एकशे चार भरली, म्हणजे मला तरी तेवढी वाटली, मधे एकदा शिंक आलेली. डोळ्यांतून पाणी येतं तिच्या, रडतेय असं वाटतं पण ते अंगातलं जास्तीचं मीठ असतं. मग कवच मोजायचं, पुढच्या पायांवर नंबरचा टॅग आहे का बघायचं, नसेल तर बसवायचा. हे टॅगिंग इथे कासवांचे अमेरिकन अभ्यासक आर्ची कार यांनी 1955 मध्ये सुरू केलं. एक मादी दरवर्षी येत नाही, साधारण दोन ते चार वर्षांनी येते, त्यामुळे मी लिहिलेला नंबर कामाला येईल तेव्हा वही दुसऱ्याच कुणाच्या हातात असणार. आणि अक्षर माझं!

कित्येक रात्री काहीच दिसलं नाही. पाऊस, मच्छर आणि रिकामा फॉर्म, तोही नीट भरायचा. एकदा पहाटे जग्वारने खाल्लेलं कासव दिसलं, मला भयंकर वाईट वाटलं, बाकीच्यांनी शांतपणे त्याचीही नोंद केली.

हो, राहण्या-खाण्याचे पैसे आपणच द्यायचे असतात, स्वस्त नाही, माझ्या शिकवणीची दोन वर्षांची कमाई गेली. पण एक सांगते, जिथे प्राणी मांडीवर घेऊन फोटो काढू देतात तिथे पैसे भरू नका.

परत आल्यावर अ‍ॅडमिशनला गॅप सर्टिफिकेट लागलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्ट काकांनी विचारलं, गॅपचं कारण? मी सगळं सांगितलं, अगदी क्लिकरसकट. त्यांनी मान डोलवत ऐकून घेतलं आणि टाईप केलं, "घरगुती अडचण".