तुम्ही विचारलंत म्हणून : तारण म्हणजे मोक्षच ना?

"ताई, तुमच्यात ते तारण म्हणतात, तो आमचा मोक्षच ना?"

शेजारच्या वहिनींनी हे पहिल्यांदा विचारलं ते रामकुंडावरून परतताना. त्यांच्या यजमानांच्या अस्थी नुकत्याच गोदेत सोडल्या होत्या. मुलगा रिक्षात पुढे बसला होता, मागे आम्ही दोघी, आणि वहिनींच्या मांडीवर रिकामा तांब्या. मी म्हणाले, "हो, तसंच." त्या दिवशी दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं. पण ते उत्तर मला घरी आल्यावरही टोचत राहिलं, कारण ते खरं नव्हतं. त्यानंतर हाच प्रश्न बँकेतल्या सोबतिणींनी विचारला, नातवाच्या मित्राच्या आईनं विचारला, नाताळला फराळाला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी विचारला. म्हणून एकदा नीट सांगते.

मी नाशिकच्या एका सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी सोनेतारणाच्या खिडकीवर. रविवारी उपासनेत पाळकसाहेब तारणावर संदेश द्यायचे आणि सोमवारी दहा वाजता माझ्या पुढ्यात तारणाचं रजिस्टर असायचं. पाटल्या, पोत, एकदाणी, कुणाच्या बाळाची सोन्याची साखळी. सराफ कसोटीवर घासून वजन लिहायचे, पिशवीला लाखेचं सील लागायचं, आणि दागिना तिजोरीत जायचा. मालकी बाईचीच असायची, पण तिला हात लावता यायचा नाही. माझा धर्म मला जितका चर्चमध्ये कळला तितकाच या खिडकीवर कळला, असं म्हटलं तर आमच्या पाळकसाहेबांना राग येऊ नये.

मराठी बायबलमध्ये 'तारण' आहे, 'मुक्ती' आहे, 'उद्धार' आहे, आणि 'खंडणी' हा व्यवहारातला शब्दही आहे. मनुष्याचा पुत्र पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असं मार्काच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो. पवित्र आत्म्याला येशूचा प्रेषित पौल आपल्या पत्रांत 'विसार' म्हणतो, घर किंवा जमीन घेताना आपण देतो तोच विसार. पूर्ण वतन अजून मिळायचं आहे, पण सौदा पक्का झाला आहे, असा त्याचा अर्थ. हे शब्द बाजारातले आहेत म्हणून कुणी नाक मुरडू नये. ज्याची वस्तू कधी गहाण पडली आहे त्याला ते व्याख्येशिवाय कळतात.

आणि तारण या शब्दाचं पाण्याशीही नातं आहे. तरणं, तारणं, तारू. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालू पाहतो, वारा बघून भितो, बुडायला लागतो आणि ओरडतो, "प्रभूजी, मला वाचवा." येशू हात पुढे करून त्याला धरतो. पेत्राची ती प्रार्थना बायबलमधल्या सगळ्यांत लहान प्रार्थनांपैकी असेल. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे बघायला आम्ही लहानपणी धावायचो. तेव्हापासून मला ती गोष्ट फार जवळची वाटते. पुरात सापडलेल्या माणसाला पोहण्याची पद्धत समजावून सांगून उपयोग नसतो. कुणीतरी पाण्यात उतरावं लागतं.

इथेच पहिला फरक आहे. मोक्षाविषयी मी अधिकारानं बोलू शकत नाही, आणि तुमच्याकडेही त्याचा एकच अर्थ नाही हे मला ठाऊक आहे. अद्वैत्याचा मोक्ष वेगळा, भक्ताचा वेगळा. तुकोबांनी तर देवाकडे मुक्तीऐवजी संतांची संगत मागितली. पण सर्वसाधारणपणे मोक्ष म्हणताना जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका मनात असते. बायबलमधल्या माणसाला फेऱ्याची भीती नाही. त्याला तीन गोष्टींनी धरून ठेवलेलं आहे : पाप, मरण, आणि त्याच्यावर सत्ता गाजवणारं काहीतरी, मग तो मिसरचा राजा फारो असो की सैतान. देवाशी आणि शेजाऱ्याशी नातं तुटलेलं आहे, आणि ते त्याचं त्याला जोडता येत नाही. येशू या नावातच हिब्रूतलं 'तारणे' हे क्रियापद आहे. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात देवदूत योसेफाला सांगतो, त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या प्रजेला त्यांच्या पापांपासून तारील.

जुन्या करारातलं सगळ्यांत मोठं तारण मेल्यानंतरचं नाहीच. ते विटा थापणाऱ्या गुलामांचं आहे. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, इस्राएली लोक राबताहेत, कण्हताहेत, आणि देव ते कण्हणं ऐकतो. समोर समुद्र, मागे फारोचे रथ, तेव्हा त्यांचा पुढारी मोशे म्हणतो, स्थिर उभे राहा आणि परमेश्वर आज तुमचं तारण कसं करतो ते पाहा. यात 'आज' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. लूकाच्या शुभवर्तमानातही जक्कय जकातदाराच्या घरी येशू 'आज' म्हणतो : "आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे." जक्कयानं तोवर एवढंच म्हटलेलं असतं, की मी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो.

मग हे तारण विकत मिळालं का? चौपट परतफेड केली म्हणून? या प्रश्नावर ख्रिस्ती लोक शतकानुशतकं भांडले. मठवासी पेलागियस म्हणाला, माणसानं मनावर घेतलं तर तो नीट वागू शकतो. ऑगस्टीननं त्याला कडाडून विरोध केला. १५१७ नंतर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या आणि रोमच्या पोपच्या वादात युरोपातली चर्च दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की देव माणसाला स्वीकारतो ते केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं; आपल्या पुण्याईमुळे नव्हे. सत्कृत्यं त्या स्वीकारातून पुढे येतात. मला हे कुठल्याही पुस्तकापेक्षा खिडकीवर जास्त लख्ख दिसलं आहे.

२०१४च्या गारपिटीत निफाड भागातल्या बागा झोपल्या. त्या वर्षी आमच्या तिजोरीत दागिने वाढतच गेले. एका बाईची पोत आणि पाटल्या फवारणीच्या कर्जासाठी आधीच आमच्याकडे होत्या. बाग गेली, मुदत टळली, लिलावाची नोटीस गेली. एके दिवशी ती आली, सोबत भाऊ. मळकी टोपी, शर्टाच्या खिशात रबर लावलेल्या नोटा. पैसे कुणीही भरू शकतो, पण सही जिनं तारण ठेवलं तिचीच लागते, म्हणून तो तिला गाडीवर बसवून घेऊन आला होता. त्यानं मुद्दल भरलं, व्याज भरलं, नोटिशीचा खर्चही भरला. मी सील तोडून पिशवी पुढे केली. तिनं दागिने पर्समध्ये टाकले नाहीत. पोत तिथेच, खिडकीसमोर उभ्याउभ्या गळ्यात घातली. मग हळूच म्हणाली, "दादा, हे मी कधी फेडू रे?" तो म्हणाला, "फेडायचं काय त्यात? भाऊबीजेला ओवाळ."

तो गेल्यावर मी बराच वेळ पुढच्या ग्राहकाची पावती लिहू शकले नाही. ती बाई भाऊबीजेला ओवाळणार, नक्कीच ओवाळणार, जीव ओतून ओवाळणार. पण त्या ओवाळण्यानं कर्ज फिटत नसतं. कर्ज फिटलं आहे म्हणून ती ओवाळते. जक्कयाची चौपट परतफेड मला तशी दिसते.

हिब्रूत अशा सोडवणाऱ्या भावासाठी एक शब्द आहे, गोएल. जवळचा नातलग, ज्यानं गहाण पडलेली जमीन सोडवायची, गरिबीनं गुलाम झालेल्या भाऊबंदाला सोडवायचं. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात हे सगळं लिहिलं आहे. रूथच्या गोष्टीत बवाज तो गोएल होतो. आणि यशया संदेष्टा हाच शब्द देवासाठी वापरतो. सावकारासाठी नाही, न्यायाधीशासाठी नाही, नातलगासाठी असलेला शब्द. देव माणूस झाला, असं आम्ही म्हणतो ते याचसाठी. सोडवायचा हक्क नातलगाला असतो, म्हणून तो नातलग झाला.

माझी उपमा इथे एका ठिकाणी तुटते, तेही सांगायला हवं. खंडणी दिली, तर ती कुणाला दिली? माझ्या गोष्टीत बँकेला. तारणात? काही जुन्या गुरूंनी सैतानाला असं उत्तर दिलं. चौथ्या शतकात नाझियांझसच्या ग्रेगरीला ते असह्य झालं : त्या लुटारूला एवढी किंमत? आणि पित्याला दिली म्हणावं, तर आपण पित्याच्या कैदेत कुठे होतो? मला ग्रेगरीचं पटतं. देव खिडकीच्या पलीकडे बसलेला वसुली अधिकारी नाही. क्रूसावर किंमत मोजली गेली हे खरं, पण ती कुणाच्या गल्ल्यात पडली हे विचारत बसलं की गोष्ट हातातून निसटते.

हे सगळं नाशिकला अनोळखी नाही. शरणपूर हे नाव आपण रोज घेतो, शरणपूर रोडवर गाडी लावायला जागा नाही म्हणून कुरकुरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेली ती ख्रिस्ती वस्ती. अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबतं इंग्रजी आरमार पकडायचं, आणि त्यातून सुटलेली काही आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे इथे यायची. ती इथे शिकली, हातात कसब घेऊन बाहेर पडली. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं निधन झालं, तेव्हा अंत्यविधीचे शब्द यानं वाचले. सोबत्यांबरोबर ते शव महिनोन् महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणण्यात तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनालाही हजर होता. नाशकात शिकलेला, गुलामीतून सुटलेला मुलगा. तारणाचे दोन भाग मला त्याच्यात दिसतात : कशातून सुटला, आणि कशासाठी सुटला.

पण एक गोष्ट मनाला लागते. जेकब वेनराइट हे त्याच्या आईनं ठेवलेलं नाव नव्हे. सोडवणाऱ्यांनी त्याला सोडवलं आणि नवं नावही दिलं. यशयात देव म्हणतो, मी तुला सोडवलं आहे, तुझं नाव घेऊन तुला हाक मारली आहे, तू माझा आहेस. ज्या सुटकेत माणसाचं नाव हरवतं ती अर्धीच सुटका, असं मी माझ्याच पूर्वसुरींविषयी दुःखानं म्हणते.

दुसरा फरक देहाचा. तारण म्हणजे आत्मा देहाच्या पिंजऱ्यातून उडून जाणं, असं पुष्कळ ख्रिस्ती लोकांनाही वाटतं. नव्या करारात तसं नाही. तिथे एकच ग्रीक क्रियापद 'बरे करणे' आणि 'तारणे' दोन्हींसाठी येतं. बारा वर्षं रक्तस्रावानं त्रासलेल्या बाईला येशू म्हणतो, "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे." शिमोनाच्या घरी रडत त्याचे पाय धुणाऱ्या पापी स्त्रीला म्हणतो, "तुझ्या विश्वासाने तुझे तारण केले आहे." मूळ ग्रीकमध्ये शब्द तेच आहेत, मराठीत आपण दोन केले, कारण एकीचा देह दुखत होता आणि दुसरीचं मन. देवाला तसा भेद करायचा नसावा. आमच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, देहाचं पुनरुत्थान आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस आपण वर जात नाही, नवं यरुशलेम खाली उतरतं.

म्हणून आम्ही ईस्टरला भल्या पहाटे कबरस्तानात जातो. मेणबत्त्या, फुलं, गायन, आणि उजाडताना प्रभू उठला आहे ही घोषणा. गेल्या ईस्टरला वहिनी म्हणाल्या, मीही येते. शेवंतीची दोन ताटं फुलं घेऊन आल्या. माझ्या आईच्या कबरेवर फुलं वाहून झाल्यावर शेजारी अक्षरं पुसलेली एक जुनी कबर होती, तिच्यावरही त्यांनी ओंजळभर ठेवली. मग विचारलं, "यांना उठवताना नावानं हाक मारणार?" मी हो म्हणाले.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि आमच्या ह्यांना?"

हा प्रश्न लोक मला वाद घालायला विचारतात तेव्हा त्याचं उत्तर द्यायला मला फारसं जड जात नाही. प्रेषितांची कृत्ये म्हणतात, तारण दुसऱ्या कुणाकडून नाही. मी ते मानते, मवाळ करत नाही. पण लूकाच्या १३व्या अध्यायात कुणीतरी येशूलाच विचारतं, प्रभूजी, तारण होणारे लोक थोडके आहेत काय? तो आकडा सांगत नाही. अरुंद दरवाजातून आत जायचा तुम्ही नेट धरा, असं तिथल्या सगळ्यांना म्हणतो. इतरांची यादी विचारणाऱ्याच्या हाती त्यानं दिली नाही, माझ्याही नाही. वहिनींना मी हेच सांगितलं. आणि हेही सांगितलं, की जो सोडवायला येतो तो परका नाही, नातलग आहे, आणि त्याच्या दयेवर माझा भरवसा माझ्या हिशेबापेक्षा मोठा आहे.

त्यांचे यजमान आख्ख्या कॉलनीत बापू म्हणून ओळखले जायचे. मी त्या पहाटे वहिनींना त्यांचं खरं नाव विचारून घेतलं. आमच्या परंपरेत गेलेल्यांसाठी मागणं मागायची रीत नाही, म्हणून मी काही मागत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत देवापुढे ते नाव घेते.