परतीची उंची 20 मीटर

ड्रोन दुरुस्तीला आणणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "मी काहीच केलं नाही, तो आपोआप गेला." आम्ही ते ऐकून घेतो आणि आधी बॅटरी काढतो. आपटलेली लिथियम पॉलिमर बॅटरी आतून दुखावलेली असेल तर बऱ्याच वेळानेही पेट घेऊ शकते, म्हणून ती चाचपून बघायची आणि फुगवटा लागला तर थेट बाहेर, वाळूच्या डब्यात. मग मेमरी कार्ड काढायचं. मग पाती उतरवायची. पाती लावलेल्या ड्रोनला टेबलावर वीज द्यायची नाही, यावरून मी नव्या मुलांवर ओरडतो आणि यापुढेही ओरडणार आहे, कारण फिरतं पातं बोट कापतं.

ज्या कामाबद्दल लिहितोय, तो ड्रोन काका-पुतण्यांनी आणला होता. ड्रोन काकांचा, उडवत होता पुतण्या. वजन साधारण 900 ग्रॅम, कॅमेरा चांगला, एरवी जपून वापरलेला. पुढचा डावा हात बिजागरीपाशी तुटून वायरीवर लोंबत होता आणि गिम्बलची, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाची, रिबन केबल फाटली होती.

"काका, खरंच सांगतो, मी काहीही केलं नाही. सिग्नल गेला, तो स्वतःहून परत यायला लागला आणि मध्येच पडला."

"म्हणजे मशीनमध्येच दोष आहे," काका मला म्हणाले. "तुम्ही तसं लिहून द्या, वॉरंटीत बसेल."

मी पाती उजेडात धरली. मोटर बंद पडून ड्रोन खाली येतो तेव्हा पातं बहुधा मुळाशी मोडतं किंवा नुसतं वाकतं. इथे सगळ्या पात्यांची टोकं कुरतडल्यासारखी झाली होती, कडांना हिरवट चीक वाळून चिकटला होता आणि मागच्या उजव्या मोटरमध्ये, तांब्याच्या वेटोळ्यांच्या फटीत, सालीचा बारीक भुगा अडकला होता. चिमट्याने काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. असा भुगा मोटर जोरात फिरत असतानाच आत ओढला जातो. म्हणजे ड्रोन हवेत बंद पडलेला नव्हता. तो चालू मोटरनिशी झाडात शिरला होता.

माझा सहकारी अशा वेळी म्हणतो, पार्ट बदल, बिल दे, लॉग कशाला उघडतोस? तो कसबी माणूस आहे, त्याचं सोल्डरिंग माझ्यापेक्षा सुबक असतं, पण इथे तो चुकतो. कारण न शोधता दुरुस्त केलेला ड्रोन त्याच कारणाने पुन्हा टेबलावर येतो, आणि तोही नशीब चांगलं असेल तर.

लॉग म्हणजे उड्डाणाच्या नोंदी, आणि त्या दोन ठिकाणी असतात, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. एक फोनमधल्या ॲपची आणि दुसरी ड्रोनच्या स्वतःच्या मेमरीत. सिग्नल तुटला की फोनच्या नोंदीत भोक पडतं, आणि आपल्याला नेमकं तेवढंच बघायचं असतं. ते भोक आतल्या नोंदीने भरतं. काही कंपन्या ही आतली नोंद कुलूपबंद ठेवतात. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राने शेवटच्या मिनिटात काय केलं, हे मालकाला कळू नये, यामागचं एकही कारण मला पटलेलं नाही. या ड्रोनची नोंद वाचता येत होती, म्हणून मी दोन्ही फाइली वेळेनुसार जुळवल्या आणि उंची, वेग, सॅटेलाइटची संख्या, व्होल्टेज, कॅमेऱ्याचा कोन आणि रिमोटवरच्या दोन्ही स्टिकची (ड्रोन वळवायच्या दांड्यांची) जागा एकाखाली एक मांडली.

सॅटेलाइट पुरेसे होते. होकायंत्र ठीक होतं. बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक होती. यंत्रावर ठपका ठेवावा असं काही सापडलं नाही.

ड्रोन उड्डाणाच्या जागेपासून 300 मीटरवर, झाडांच्या रांगेपलीकडे, जेमतेम 12 मीटर उंचीवर होता. रिमोट आणि ड्रोन यांच्यात अख्खी रांग आली आणि सिग्नल तुटला. सिग्नल तुटल्यावर काय करायचं हे ड्रोनला आधीच सांगून ठेवलेलं असतं: घरी परत ये, जागच्या जागी थांब किंवा उतर. इथे परत येण्याची आज्ञा होती. ड्रोन थांबला, ठरवून दिलेल्या परतीच्या उंचीपर्यंत चढला, नाक वळवलं आणि सरळ रेषेत निघाला. परतीची उंची होती 20 मीटर. वाटेतली झाडं त्याहून उंच होती.

हा 20 चा आकडा काकांचा. ते नेहमी मोकळ्या मैदानात उडवतात. तिथे उंच चढून पुन्हा उतरण्यात बॅटरी वाया जाते, म्हणून त्यांनी तो कमी केला होता, आणि त्यांच्या मैदानापुरतं ते बरोबरही आहे. अडथळा दिसला की थांबण्याची सोयही त्यांनी बंद केली होती, कारण जवळून चित्रीकरण करताना ड्रोन सारखा अडखळतो. यातलं एकही त्यांनी पुतण्याला सांगितलं नाही. आणि पुतण्याने विचारलं नाही.

उडवण्यापूर्वी त्याने काय काय बघितलं, असं मी त्याला विचारलं. शटर स्पीड, आयएसओ, रंगांचं प्रोफाइल, कोणता फिल्टर लावला, हे सगळं त्याने न अडखळता सांगितलं. परतीची उंची कोणत्या पानावर असते, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या हौशी लोकांत हे इतक्या वेळा दिसतं की आता चीड येते. कॅमेऱ्याच्या सेटिंगची चूक झाली तर फोटो बिघडतो. ही दुसरी सेटिंग चुकली तर जवळपास किलोभर वजनाची वस्तू कोणाच्या तरी डोक्यावर येते. बनवणाऱ्यांचाही यात वाटा आहे. एक बटण दाबा आणि ड्रोन घरी परत, असं जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दाखवायचं आणि तो परतताना किती उंचीवरून येईल, हा आकडा तीन पानं आत दडवायचा.

पण मला अजून छळतंय ते पुढचं. ड्रोन वर चढला तेव्हा सिग्नल परत आला होता. रिमोट वाजला असणार, चित्रही परत आलं. सिग्नल आला म्हणून परतीचा प्रवास आपोआप रद्द होत नाही, तो उडवणाऱ्याने रद्द करायचा असतो. सिग्नल परतल्यापासून झाडावर आदळेपर्यंत 11 सेकंद गेले. सेकंदाला सुमारे 10 मीटर वेगाने ड्रोन येत होता आणि तेवढा सगळा वेळ दोन्ही स्टिक मध्यावर, कोणी बोट न लावल्यासारख्या. रद्दचं बटण दाबलेलं नाही. "मी काहीच केलं नाही" हे पुतण्या अगदी खरं सांगत होता.

त्याला झाड दिसलं कसं नाही? कॅमेऱ्याचा कोन बघितल्यावर उलगडा झाला. चित्रीकरणासाठी त्याने कॅमेरा 60 अंश खाली झुकवला होता आणि तो तसाच राहिला. त्याच्या पडद्यावर फक्त खालची जमीन सरकत होती. तो ड्रोनकडे बघत नव्हता, आणि झाडांआडून तो दिसलाही नसता. शेजारी उभं राहून "झाड, झाड!" म्हणून ओरडणारं कोणी नव्हतं.

मेमरी कार्डावरचा व्हिडिओ आम्ही तिघांनी मिळून पाहिला. गवत, झुडपं, मग एक पायवाट आणि त्या पायवाटेवरून चाललेली दोन माणसं. एकाने मान वर करून बघितलं. लगेच पुढे पानंच पानं आणि चित्र गोल फिरून थांबलं. हवेचा अडथळा धरला नाही तर 20 मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीवर येईपर्यंत ताशी 70 किलोमीटरच्या घरात जाते. फांद्यांनी वेग खाल्ला आणि ड्रोन वाटेच्या कडेला झुडपात पडला. तोपर्यंत काका-पुतणे गिम्बलच्या खर्चावरून वाद घालत होते. त्या दोन माणसांचा उल्लेख दोघांपैकी कोणीही केला नव्हता. मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला. काका खुर्चीत बसले.

"खर्च कोणी द्यायचा?" त्यांनी जरा वेळाने विचारलं. "चूक कोणाची ते तुम्हीच सांगा."

बहुतेक देशांचे नियम उडवणाऱ्याला जबाबदार धरतात आणि मलाही तेच मान्य आहे. ज्याच्या हातात रिमोट, त्याने प्रत्येक आकडा स्वतः बघायचा, ड्रोन कोणाचाही असो. तरीही आपण बदललेली सेटिंग न सांगता ड्रोन दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस पूर्ण सुटतो, असं मला म्हणवत नाही. खर्चाचं त्यांनी घरी जाऊन ठरवावं, एवढंच मी सांगितलं. यंत्रात दोष असल्याचं लिहून द्यायला नकार दिला.

दुरुस्तीनंतर चाचणीला मी पुतण्यालाच बोलावलं. मोकळ्या जागी, ड्रोन डोळ्यांसमोर असताना त्याला परतीचं बटण दाबायला लावलं आणि मध्येच रद्द करून ताबा घ्यायला लावलं, हाताला सवय होईपर्यंत. त्याने चांगला प्रश्न विचारला: "झाडाची उंची मोजायची कशी?" ते ड्रोनच सांगतो. झाडापासून सुरक्षित अंतर ठेवायचं, कॅमेरा बरोबर समोर, शून्य अंशावर धरायचा आणि सरळ वर चढायचं. शेंडा पडद्याच्या मधोमध आला की ड्रोन शेंड्याच्या उंचीवर आहे. पडद्यावरचा आकडा वाचायचा. फक्त हा आकडा उड्डाणाच्या जागेपासून मोजलेला असतो, खालच्या जमिनीपासून नाही. उतारावर किंवा गच्चीवरून उडवताना हे विसरणारे खूप आहेत. आमच्यासमोरच्या झाडाचा शेंडा 26 वर आला. त्याने परतीची उंची 40 केली आणि काकांना तसं सांगितलं.

कामाच्या कागदावर "कारण" असा एक रकाना असतो. त्यात मी तीन गोष्टी लिहिल्या: परतीची उंची झाडांपेक्षा कमी, अडथळा ओळखण्याची सोय बंद, सिग्नल परतल्यावर 11 सेकंद रद्दची आज्ञा नाही. सहकाऱ्याचं म्हणणं, रकाना एका कारणासाठी असतो. तिन्ही कारणांतलं कोणतं ठेवू, असं मी त्याला विचारलं. त्याला सांगता आलं नाही, आणि माझंही अजून ठरत नाही.